डोळ्यांवर बांगडा

गेल्या जुलैत, मासेमारीबंदी ऐन भरात असताना, मी डोळ्यांवर बांगडा काढला.

तीन दिवस पाऊस खंडला नव्हता, वीज येऊन-जाऊन होती आणि घरात समुद्राची आठवण म्हणून सोड्यांचा एक डबा तेवढा उरला होता. ताज्या मासळीची आठवण पोटातून निघून डोक्यात गेली की माणूस काय वाटेल ते करतो. मी आरसा खिडकीशी ओढला. वरच्या पापणीवर निळसर हिरवी आयशॅडो, खालच्या कडेला चंदेरी आणि मधल्या पट्ट्यात किंचित सोनेरी झाक. ही झाक ताज्या बांगड्यालाच असते, बर्फात दोन दिवस काढलेल्याला नसते. त्यावर आयलायनरने बारीक रेघा, डोक्याकडून शेपटीकडे, म्हणजे माझ्या बाबतीत नाकाकडून कानशिलाकडे. बांगड्याच्या कल्ल्यामागे एक काळा ठिपका असतो. तो मी डोळ्याच्या कोपऱ्याखाली तिळासारखा दिला. शेपटी भुवईच्या टोकाशी दुभंगली.

आई चहा घेऊन आली, कप ठेवला आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

"खावक नाय म्हणान तोंडार काढलंस?"

मला वाटलं आता ओरडणार. पण ती जवळ आली, हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि म्हणाली, "शेपटी जाडी झाली गो. बांगड्याची इतकी जाडी नसता."

हा नाद मला लागला तो मुंबईच्या मावसबहिणीमुळे. ती दर दिवाळीला वेंगुर्ल्याला येते आणि जाताना तिला नको झालेल्या वस्तूंची एक पिशवी माझ्या हवाली करते. दोनदाच वापरलेली लिपस्टिक, रंग चुकलेला ब्लश, मासिकाबरोबर फुकट मिळालेल्या बोटभर ट्यूबा. मी पतसंस्थेत काम करते. तिथे माझ्या चेहऱ्यावर टिकली आणि घाम याखेरीज काही नसतं, असावं असं कुणाला वाटतही नाही. त्यामुळे ही पिशवी रविवारची. आधी सगळं पलंगावर ओतायचं, मग एकेकाच्या मागे छापलेली झाकण उघडलेल्या डबीची चिमुकली खूण शोधायची. त्या डबीवर १२ लिहिलं असेल तर उघडल्यापासून वर्षभर ती वस्तू चालते. उघडली कधी हे मावसबहिणीला आठवत नसतं, त्यामुळे मी वास घेऊन ठरवते. मस्कारा मात्र वासाला चांगला असला तरी टाकते. डोळ्याशी खेळ नको.

आणि काहीही नवं असलं की आधी कानामागे ठिपका लावून एक दिवस थांबते. याला पॅच टेस्ट म्हणतात हे मला फार उशिरा कळलं, धडा मात्र लहानपणीच मिळाला होता. झाडावरून नुकता उतरवलेला आंबा देठ न पुसता तोंडाला लावला की चिकाने ओठांच्या कडा उततात, आणि पुढे आठ दिवस लोक विचारत राहतात. काजू, बिब्बा, आंबा, सगळे एकाच कुळातले. रागीट कूळ आहे.

चंदेरी रंगाची गोष्ट सांगायची राहिली. तारल्या साफ करताना आईच्या हातांवर, कोपरावर, कधी गालाच्या हाडावरसुद्धा खवले चिकटतात. ती तशीच तुळशीला पाणी घालायला जाते आणि उन्हात तिचा गाल लखलखतो. हायलायटर लावायची जागा अगदी तीच, गालाच्या हाडाचा उंचवटा. मी हे तिला विनोदाने सांगत असे. मग एकदा वाचनात आलं की तो विनोद नव्हताच. माशाच्या खवल्यांना चकाकी येते ती ग्वानिन नावाच्या द्रव्याच्या स्फटिकांमुळे. सतराव्या शतकात फ्रान्समध्ये एका नदीतल्या मासळीचे खवले घोटून त्याचा लेप काचेच्या मण्यांना आतून देत आणि खोटे मोती करत. पुढे तीच चकाकी हेरिंग माशाच्या खवल्यांतून काढून नेलपॉलिश आणि लिपस्टिकमध्ये आली. आपली तारली या हेरिंगचीच भाऊबंद. म्हणजे कुठल्याशा देशातल्या बायका पैसे मोजून जे गालाला लावत होत्या, ते आमच्याकडे विळीवर बसल्या बसल्या फुकट लागत होतं. वासासकट.

आता बहुतेक चकाकी अभ्रकाची असते. अभ्रकाच्या पापुद्र्यावर टायटॅनियम डायऑक्साइडचा अतिशय पातळ थर देतात, आणि थराची जाडी बदलली की तोच पापुद्रा कधी सोनेरी दिसतो, कधी निळा. फाउंडेशनमधला, सनस्क्रीनमधला पांढरेपणा हासुद्धा याच टायटॅनियमचा. तो ज्या खनिजातून काढतात ते इल्मेनाइट काळं असतं. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर वाळू काळी दिसते ती त्यामुळे. लहानपणी त्या वाळूत लोळून घरी आलो की न्हाणीघरात आधी दोन तांबे पाणी अंगावर पडायचं आणि मग बोलणी. गोरेपणाच्या ट्यूबची सुरुवात अशा काळ्या वाळूत आहे, हे मला फार आवडतं. कुणाला सांगितलं तर ते हं म्हणतात आणि विषय बदलतात.

फाउंडेशनशी मात्र माझं जमलं नाही. मोबाइलवर जो रंग मध्यम गव्हाळ म्हणून दिसतो तो कुरिअरने आमच्या ओटीवर येईपर्यंत राखाडी होतो. मे महिन्यात तर ते चेहऱ्यावर टिकतच नाही, नाकाच्या शेंड्यापासून सुटायला लागतं. इथल्या दमट हवेत एकच गोष्ट टिकलेली मी पाहिली आहे, ती म्हणजे आजीचं कुंकू. आधी कपाळावर मेणाचा गोल, त्यावर पिंजर. भात लावून, गुरं धुऊन संध्याकाळी परत आली तरी गोल तसाच. प्रायमर म्हणून जे विकतात त्याचं काम त्या मेणाच्या डबीने कधीच केलं होतं. तिच्या पेटीत अफगाण स्नोची एक रिकामी बाटलीही होती. स्नो म्हणजे तोंडाला लावायचं क्रीम, १९१९ साली पाटणवालांनी मुंबईत काढलेलं. आजीने ते लावलं होतं की बाटलीच फक्त कुणाकडून मिळवली होती, हे विचारायचं राहून गेलं. बाटलीत ती सुया ठेवायची.

सगळेच प्रयोग बांगड्यासारखे साधले असं नाही. सोलकढीची एक थीम मनात होती: गालांवर फिकट गुलाबी, पापण्यांवर नारळाच्या दुधाचा पांढरा आणि ओठ गडद कोकमी. ओठांसाठी हवा तो रंग कुठल्याच लिपस्टिकमध्ये सापडेना. मग फडताळातली आगळाची बाटलीच घेतली. घरात खरा रंग असताना नकली कशाला, हा विचार. आगळ म्हणजे मिठातला कोकमाचा रस, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण वाऱ्याने फुटलेल्या ओठांना ते माहीत नव्हतं. मी अंगणात दोन फेऱ्या मारल्या. रंग अप्रतिम आला होता आणि मला तो बघता येत नव्हता, कारण डोळ्यांतून पाणी येत होतं. नंतर आईने कोकमाच्या बियांच्या तेलाचा गोळा दिला, पायांच्या भेगांसाठी ठेवलेला. तो बोटावर घासला की अंगाच्या ऊबेने विरघळतो. आग त्याने थांबली. मुंबईहून आलेल्या एका महागड्या लिपबामवर कोकम बटर असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, ते हेच.

तोंड रंगवण्याची खरी शाळा मला त्रिपुरारी पौर्णिमेनंतर सुरू होणाऱ्या जत्रांत मिळाली. दशावतार बघायला सगळे पुढे बसतात, मी लहानपणापासून मागे, पडद्याआड घुटमळते. तिथे नट आपापल्या पेटाऱ्याशी बसलेले असतात आणि प्रत्येक जण स्वतःचं तोंड स्वतः रंगवतो. रंगवणारा वेगळा माणूस नसतो. एका हातात आरसा, दुसऱ्यात काडी, शेजारी बिडी. गेल्या वर्षी देवळाच्या मागे बल्बखाली एक काका बसले होते, पन्नाशीचे, दिवसा त्यांची रिक्षा आहे. आख्यानात ते राणी होणार होते. मी तासभर बघितलं. भुवई त्यांनी एका दमात ओढली, हात न थरथरता. गालांची लाली आणि ओठांचा रंग एकाच लिपस्टिकमधून. मी न राहवून विचारलं, भुवया दोन्हीकडे सारख्या कशा येतात? ते आरशातूनच म्हणाले, "सारके येवकच होये असा कोणी सांगल्यान? रात्री तीन वाजता कोण मोजता?"

त्या एका वाक्याने माझी वर्षभराची कुरकुर मिटली. मी उजवी भुवई पुसून परत, पुसून परत असं करत रविवार घालवत असे.

पण एक गोष्ट मला खटकते आणि ती सांगूनच टाकते. त्या काकांना राणी होताना बघून गावात कुणाला काही वाटत नाही. शिमग्यात बाप्ये लुगडं नेसून, ओठ रंगवून दारोदार नाचतात, आपण हसतो, पैसे देतो. मी माझ्याच घरात बांगडा काढून पडवीत बसले तर शेजारची काकी कुंपणावरून विचारते, "कोण बघूक येतहत काय गो?" बाईने रंग लावला म्हणजे तो कुणासाठी तरीच असणार, नुसता खेळ म्हणून बसत नाही डोक्यात. मी तिला सांगितलं, "व्हय, मांजर येताहा." मांजर खरंच बघत होतं. त्याला शेपटी आवडली असावी.

बंदी उठली, नारळी पौर्णिमा झाली आणि होड्या गेल्या. त्या रविवारी मी पिशवी पलंगावर ओतली तेव्हा आई आपणहून येऊन बसली. चष्मा काढून पदरात ठेवला.

"माका काढ. पण बांगडो नको, सुरमय काढ."

तिच्या आवडीनिवडी अशाच आहेत, काढायचं तर भारीतलं. मी सुरम्यासारखा निळसर करडा रंग घेतला, पाठ गडद ठेवली, पोटाकडे चंदेरी आणली आणि पाठीवरून खाली उतरणाऱ्या नागमोडी पट्ट्या ओढल्या. सत्तरीच्या पापणीवर ब्रश सरकत नाही, सुरकुतीत अडकतो, त्यामुळे पट्ट्या आपोआपच नागमोडी आल्या. ती पूर्ण वेळ श्वास धरून बसली होती. आरशात बघून काही बोलली नाही, नुसते डोळे मिटून उघडून पाहिले, एकदा डावा, एकदा उजवा.

इतक्यात मागच्या दारी मासेवाली आली. आई तशीच उठली. मी हाक मारेपर्यंत ती पायरीवर पोचलीसुद्धा. मासेवालीने टोपली उतरवली, वर बघितलं आणि बघतच राहिली.

"वैनीनू, तुमचीच सुरमय ताजी दिसता. आता माझी कोण घेतलो?"

आईने घासाघीस न करता अर्धा किलो घेतली.