किक्सची नोंद: पॅक क्लोन करणं सोडलं, शॅडोवर गाडी चालली

मंडळी, जमलं एकदाचं. काल रात्री एक स्क्रिप्ट चालवली आणि कोरी करकरीत किक्स (आयबीएम मेनफ्रेमवरच्या सीआयसीएस या व्यवहार-प्रणालीसारखी, जुन्या एमव्हीएसवर चालणारी प्रणाली) उभी राहिली. टीएसओ (मेनफ्रेमवर टर्मिनलनं काम करायची सोय) लॉगऑन झालं, केएसजीएमचा म्हणजे किक्सच्या स्वागताचा स्क्रीन आला, ‘कापस’ टाकून एंटर मारला तर काटा पावतीचा मॅप (स्क्रीनवरचा फॉर्म) समोर! मधे कन्सोलला हातसुद्धा लावला नाही. इकडे दारव्ह्याकडच्या खेड्यात बसून हे पाहताना काय वाटलं, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

हेतू तोच, मागे लिहिलेला. कोबोल शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला स्वतःची किक्स हवी. आपली किक्स टीएसओ सेशनमध्ये एकट्यापुरतीच चालते, त्यामुळे एकाच व्हीसॅम फाइलवर (व्हीसॅम म्हणजे मेनफ्रेमची रेकॉर्ड ठेवायची पद्धत) सगळ्यांना सोडणं म्हणजे रेकॉर्डची वाट लावणं. खऱ्या झेड-ओएसवर (आजच्या आयबीएम मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम) हे काम किती नेटकं झालंय पाहा. प्रोव्हिजनिंग टूलकिटमध्ये ‘झेडओएसपीटी रन’ म्हटलं की सीआयसीएसचं रीजन (स्वतंत्र चालती प्रत) तयार. अन्सिबल या ऑटोमेशन साधनाच्या सीआयसीएस कलेक्शनमध्ये ग्लोबल कॅटलॉग, लोकल कॅटलॉग, सीएसडी (सीआयसीएसच्या व्याख्यांची फाइल) यांना वेगवेगळी मॉड्यूल्स आहेत आणि ‘इनिशियल’ (कोरी) किंवा ‘ॲब्सेंट’ (नाहीशी) अशी नुसती स्थिती सांगायची. मला तेच १९८१ च्या एमव्हीएस ३.८जे या जुन्या मेनफ्रेम ऑपरेटिंग सिस्टिमवर हवं होतं; ती मी हर्क्युलिस या मेनफ्रेम एम्युलेटरवर चालवतो.

आता त्या अडचणीकडे येतो, जिनं माझा सगळा उन्हाळा खाल्ला. विचार सरळ होता: किक्सचा ३३५० पॅक (एम्युलेटरमधली डिस्क, लिनक्सवर ती एक फाइलच) नीट तयार करायचा, लिनक्सवर त्या फाइलची कॉपी काढायची, व्हॉल्सर (डिस्कचं नाव) बदलायचा, ‘अटॅच’ करून ऑनलाइन आणायचा. लोड लायब्ररी वाचली गेली, मॅपची लायब्ररीही. पण व्हीसॅम फाइल काही केल्या उघडेना. “काका, माही फाइल उघडूनच नाही राह्यली,” हे ऐकून ऐकून कान किटले. नवीन क्लस्टर (व्हीसॅम फाइल) डिफाइन करायला जावं तर आयडीकॅम्स हे व्हीसॅमचं साधन आयडीसी३००९आय हा कॅटलॉगच्या चुकीचा संदेश तोंडावर फेकायचं.

कारण असं. जुन्या व्हीसॅममध्ये पॅकची मालकी एकाच कॅटलॉगकडे (फाइलींच्या नोंदवहीकडे) असते. पॅकवरच्या व्हीटीओसीत (डिस्कच्या अनुक्रमणिकेत), फॉरमॅट-४ डीएससीबी या नोंदीमध्ये, ‘मी अमुक कॅटलॉगचा’ असा बिट लागलेला असतो आणि शेजारी टाइमस्टँपही असतो. कॉपी काढली की तो बिटही कॉपी होतो. पण कॅटलॉगला नव्या व्हॉल्सरचा पत्ताच नसतो. पॅक म्हणतो माझा मालक आहे, कॅटलॉग म्हणतो याला मी ओळखत नाही. सातबारा एकाच्या नावावर आणि फेरफार दुसऱ्याच्या, तसला घोळ. ‘ऑल्टर रिमूव्हव्हॉल्यूम्स’ने बिट निघतो खरा, पण पॅकवरची व्हीसॅमची सगळी जागाही जाते. म्हणजे ज्या फाइलींसाठी कॉपी काढली त्याच गेल्या, पुन्हा डिफाइन आणि रेप्रो (डेटा भरणं) करत बसा. मग क्लोनचा फायदा काय?

यूझर कॅटलॉग त्याच पॅकवर ठेवून ‘इंपोर्ट कनेक्ट’ करायचा मार्गही पाहिला. एका पॅकसाठी ठीक आहे. पण एकाच सिस्टिमवर पाच पोरांचे पाच पॅक म्हणजे पाच वेगळी व्हॉल्सर, पाच वेगळी कॅटलॉगची नावं. कॉपी पुन्हा कॉपी राहतच नाही.

तेव्हा डोक्यात आलं की रीजन वाटायचंच कशाला, अख्खी सिस्टिम द्या ना! एमव्हीएस ३.८जे ला मेन स्टोरेज लागतं जास्तीत जास्त १६ एमबी. रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर असे कितीतरी हर्क्युलिस शेजारी शेजारी नांदतात. आणि हर्क्युलिसमध्ये शॅडो फाइल आहेच: कॉन्फिगमध्ये पॅकच्या ओळीला ‘एसएफ=’ लावा. मूळ पॅक जसाच्या तसा राहतो, लिहिलेलं सगळं शॅडोत जातं. मूळ पॅकच्या फाइली सीएचमॉडने फक्त वाचण्यापुरत्या केल्या. व्हॉल्सर तोच, कॅटलॉग तोच, टाइमस्टँप तोच, म्हणून मालकीचा प्रश्नच उरला नाही. पोरागणिक बदलतात ती फक्त शॅडोची नावं आणि पोर्ट: टर्मिनलचा, कार्ड रीडरचा, एचटीटीपीचा. एखाद्यानं फाइलींचा चिवडा केला की हर्क्युलिस बंद करायचा, त्याच्या शॅडो पुसायच्या, परत आयपीएल (सिस्टिम बूट). ‘ॲब्सेंट’ आणि ‘इनिशियल’ दोन्ही हातात आले!

याचा आणखी एक आनंद आहे. आधीच्या पद्धतीत डिस्क तयार करणाऱ्या आयसीकेडीएसएफच्या आयसीके००३डी प्रश्नाला ‘यू’ उत्तर द्यायला एचएओचा (हर्क्युलिसच्या स्वयंचलित ऑपरेटरचा) नियम लावला होता. पॅक पुसू का, या प्रश्नाला मशीननं आपोआप हो म्हणावं हे मला कधीच पटलं नाही. तो नियम आता काढून टाकला. माझं स्पष्ट मत आहे, एचएओ संदेश टिपायला वापरा, विध्वंसक प्रश्नांना उत्तर द्यायला नको.

हे लिहिता लिहिता एक गोष्ट लक्षात आली. नवा प्रोग्राम आला, पीसीटी-पीपीटीत (किक्सच्या ट्रान्झॅक्शन आणि प्रोग्रामच्या टेबलांत) नोंद वाढली, तर मूळ पॅकला हात लावता येणार नाही, कारण खालचा पॅक हलला की वरच्या सगळ्या शॅडो बाद होतात. एका पॅकवर आठ शॅडोंपर्यंत थर चढवता येतात, म्हणून मधे ‘वर्गाचा थर’ ठेवायचं ठरवत होतो. पण तोही हलला की वरचे गेलेच. तेव्हा तो बेत रद्द. बदल जॉबनेच ढकलायचे: तीच जेसीएल (जॉबच्या सूचना) प्रत्येकाच्या रीडर पोर्टवर नेटकॅटनं पाठवायची, आयफॉक्स या असेंबलरनं टेबलं असेंबल करायची, मग प्रिंटरच्या फाइलीत आयईएफ१४२आय हा जॉबची पायरी चालल्याचा संदेश शोधून कंडिशन कोड ०००० आहे का पाहायचं. ती कोड वाचणारी स्क्रिप्ट आधीच तयार आहे आणि चोख चालते. प्रत्येक डिफाइनच्या आधी डिलीट, आणि त्याखाली ‘सेट मॅक्ससीसी = ०’ ठेवा, म्हणजे तोच जॉब कितीदाही पाठवला तरी बिघडत नाही.

सामानाबद्दल थोडं. शॅडो एसडी कार्डावर ठेवू नका, एसएसडीच घ्या. एका दुकानातून आणलेला स्वस्तातला यूएसबी-साटा अडॅप्टर मधेच डिस्क सोडायचा, बदलूनही मिळाला नाही. चांगला अडॅप्टर घ्या. लॉगऑनच्या चाचणीसाठी एस३२७० ला (स्क्रिप्टनं चालणाऱ्या मेनफ्रेम टर्मिनलला) तोड नाही. स्क्रीनवरचा मजकूर वाचून पुढची की दाबायला त्याच्याइतकं भरवशाचं काही सापडलं नाही.

आता राहिली लाईट. इन्व्हर्टर बसला की हर्क्युलिस तसाच पडतो, व्हीसॅम फाइली बंद न होता राहतात आणि कॅटलॉगमधली शेवटाची खूण मागे पडते. त्यासाठी आयपीएलनंतर लगेच सगळ्या क्लस्टरवर आयडीकॅम्स ‘व्हेरिफाय’चा जॉब लावतोय. त्याहून बरं म्हणजे बॅटरी उतरायला लागली की स्क्रिप्टनंच सगळ्यांच्या कन्सोलवर टीएसओ थांबवून ‘$पी जेईएस२’ आणि ‘झेड ईओडी’ हे सिस्टिम बंद करायचे आदेश पाठवावेत. इन्व्हर्टरचं व्होल्टेज रास्पबेरी पायला कसं कळवायचं, हे कोणी केलं असेल तर सर्किट पाठवा. कापूस वेचणीला पोरं घरी अडकायच्या आत हे लावून टाकायचंय.