आमची वाटचाल: चुना, सागवान आणि पेठेतली जुनी दुकानं

पुण्याच्या पेठांतल्या जुन्या दुकानांची डागडुजी हा आमचा धंदा. मंडई उभी राहिली 1886 साली. आपल्याकडे सिमेंटचे कारखाने नीट चालू लागले ते 1914 नंतर. म्हणजे मंडईभोवतीची, बोहरी आळीतली, तांबट आळीतली त्या काळची भिंत चुन्यातली, नाहीतर मातीतली. तिला सिमेंटचा गिलावा मारला की जोत्यातून चढणारी ओल आत कोंडते, क्षार फुटतात आणि मऊ विटेचा भुगा होतो.

हे सांगत राहिलो म्हणूनच आम्ही जवळजवळ बुडालो. एका कंत्राटदाराने निम्म्या दरात, आठ दिवसांत काम देतो म्हणून आमची गिऱ्हाइकं पळवली. आमचा कळीचा चुना विरवून निदान महिनाभर पाण्याखाली मुरतो. मग एक भाग चुना, तीन भाग वाळू, ओलीच्या जागी थोडी सुरखी म्हणजे विटांची भुकटी, आणि चुना दळायच्या घाणीत मळणं. थर 10-12 मिलिमीटरच्या वर घेतला की तडकतो. त्यावर ओलं गोणपाट हवंच. आठ दिवसांत कसं व्हावं? घाणी विकायची वेळ आली होती. विकली नाही. दोन पावसाळ्यांनी त्याच भिंतींवर गिलावा सारखा करायच्या गुरमाळ्याची मूठ आपटली तर पोकळ वाजल्या. तो गिलावा आम्हीच उतरवला, विटांचे पापुद्रे घेऊनच आला. त्या कंत्राटदाराला मात्र कोणी जाब विचारला नाही, ही सल अजून आहे.

बोहरी आळीतले एक शेठ तेवढे आमच्याकडून हलले नाहीत. त्यांच्या दुकानाचा दर्शनी खांब खचला होता. फरशीवर फरशी चढवून तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, गाडला गेला होता आणि धुण्याचं पाणी खांबाच्या बुडाशी मुरत होतं. तुळईला दोन्हीकडून टेकू दिले, जॅक रोज थोडा थोडा फिरवला. घाई केली तर वरच्या मजल्याच्या भिंती चिरतात. कुजलेलं फूटभर लाकूड कापून जुन्याच सागाचा तुकडा सांध्यात बसवला. नवं लाकूड आकसतं, सांधा उघडा पडतो.

फरशी बदलणार असाल तर तळखड्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा, सिमेंट भरू देऊ नका. आणि दुकानाच्या फळ्या उतरवताना आकडे खडूने घालू नका, छिन्नीने कोरा. खडू पहिल्या सरीत जातो, मग कुठलीच फळी आपल्या खाचेत बसत नाही.