अकोल्याची वाट आणि राखेतले वाल

गेल्या वर्षी परसात लावायचे वाल मी रात्रभर पाण्यात भिजवले आणि सगळे कुजले. ते डोक्यात घेऊनच मे महिन्यात अकोल्याला गेलो. (अहिल्यानगर जिल्ह्यातलं अकोले, विदर्भातलं अकोला नव्हे. एसटीची पाटी नीट वाचा.) मुंबईकडून घोटी-राजूर रस्ता, पुण्याकडून संगमनेरमार्गे.

याच तालुक्यात कोंभाळणे, बीजमाता राहीबाई पोपेरे यांचं गाव. २०२० च्या पद्मश्रीनंतर त्यांची देशी बियाण्यांची बँक पाहायला लांबून लोक येतात, तेव्हा आधी विचारून जा. मला हवं होतं ते मात्र वाटेवरच्या एका वस्तीत सापडलं.

तिथल्या आजींनी गाडगं उघडलं. चाळलेल्या राखेत वाल, वर कडुनिंबाचा वाळका पाला, तोंडाला शेणमातीचं लिंपण. राख ओल शोषून घेते, भुंगा लागू देत नाही. माझी कथा ऐकून त्या हसल्या. "वाल कशाला भिजवायचे बाबा? ओल बघून टोचायचे." खरंच आहे. वाळलेलं कडधान्य एकदम पाणी ओढतं, साल फुटते, डाळिंब्या तडकतात आणि बी कुजतं. भिजवायचं ते कारलं, दोडका यांसारखं जाड सालीचं बी.

घरी आल्यावर कारल्याच्या बियांवर शेवग्याच्या पाल्याचा रस वापरून पाहिला. कोवळा पाला वाटून पिळायचा, एक वाटी रसाला तीस वाट्या पाणी. शेवग्याच्या पाल्यात झिएटिन हे वाढीला चालना देणारं द्रव्य असतं. रात्रभर भिजवून बी सावलीत सुकवलं. निम्मं बी साध्या पाण्यात ठेवलं होतं, नाहीतर कळणार कसं? शेवग्याचं दोन दिवस आधी वर आलं. पण एकूण रोपांत फरक जेमतेम दोन-तीनचा. मूठभर बियांवरून छातीठोक काही सांगणार नाही. किडकं, जुनं बी मात्र कुठल्याच रसाने उगवलं नाही. म्हणून पेरणीआधी ओल्या गोणपाटात शंभर बिया गुंडाळून किती मोड येतात ते मोजा. सत्तरच्या खाली आले तर बी जास्त टाका, नाहीतर बदला.

जाताना कागदी पाकिटं आणि पेन न्या. आजींनी दोन जातींचे वाल दिले, "संक्रांतीनंतर दुप्पट आणून दे" म्हणाल्या. मी दोन्ही एकाच पिशवीत ओतले. आता शेंगा लागेपर्यंत कुठला कोणता, कळायचं नाही.