केडगावची प्रीती

पंडिता रमाबाईंनी आपल्या आत्मनिवेदनात लंडनच्या फुलहॅम भागातील एक अनुभव सांगितला आहे. इंग्लंडमधील वॉन्टेजच्या मठातील ख्रिस्ती भगिनींनी त्यांना तेथे चाललेले काम पाहायला पाठवले होते. समाजाने ‘पतित’ ठरवून टाकलेल्या स्त्रियांची तेथे मायेने देखभाल होत असे आणि त्यांच्यातल्याच काही जणी पालटून आता आजाऱ्यांची सेवा करीत होत्या. ख्रिस्ती लोकांना असे करावेसे का वाटते, हा रमाबाईंचा सरळ प्रश्न होता; उत्तरादाखल एका भगिनीने बायबलमधील येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा वाचून दाखवली; लोक जिला हिणवत, तिच्याशी येशू तेथे आपुलकीने बोलतो. योहानाच्या शुभवर्तमानाचा तो चौथा अध्याय त्यांच्या मनात रुतला आणि 1883 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. एवढ्या व्युत्पन्न विदुषीने धर्मतत्त्वांच्या आधी माणसांची वागणूक तपासली, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

पुढे 1896-97 च्या दुष्काळात, स्वतःचे आईवडील आणि बहीण उपासमारीत गमावलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून शेकडो भुकेल्या मुली घेऊन आल्या. त्यांना पुण्याजवळच्या केडगाव येथील आपल्या जमिनीवर ठेवायचे तर आधी पाणी हवे, म्हणून विहिरी खणाव्या लागल्या. मग शेती, माग, तेलघाणा, शिवण आणि छापखाना आला. अंध मुलींसाठी त्यांच्या कन्या मनोरमाबाईंनी ब्रेल शिकवण्याची सोय केली. धर्मांतरावरून रमाबाईंवर कडाडून टीका झाली, तो वाद अजून मिटलेला नाही. पण त्या मुलींच्या ताटातले अन्न त्या वादावर अवलंबून नव्हते.

आमच्या मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, नाताळच्या आठवड्यात ब्लँकेटे वाटतात, फोटोही निघतात (त्यात ब्लँकेटापेक्षा वाटणारे अधिक दिसतात). त्याला माझा विरोध नाही. मात्र जानेवारीतही थंडी असतेच, आणि केडगाव मला अस्वस्थ करते ते नेमके येथे. अलीकडे आमच्या महिला मंडळाने गल्लीतील एका अंथरुणाला खिळलेल्या आजींसाठी पाळ्या लावल्या आहेत. आजी आमच्या मंडळीच्या नाहीत, त्यांच्या उशाशी विठ्ठलाची तसबीर आहे आणि ती तेथेच राहणार, हे सर्वांना मान्य आहे. अंग पुसणे, चादर बदलणे, पातळ खिचडी भरवणे एवढेच काम. रविवारी सकाळची पाळी कोणी घ्यायची यावरून मात्र कुरबूर झाली, कारण तीच उपासनेची वेळ. शेवटी पाळकांनी जाहीर केले की पहिल्या रविवारी त्यांच्या पत्नी जातील.