तीन नोंदवह्यांतले एक नाव

आमच्या महाविद्यालयात शिष्यवृत्ती, कमवा व शिका योजना, वसतिगृह आणि समुपदेशन ही कामे चार वेगवेगळ्या ठिकाणी चालत असत. गेल्या जूनमध्ये ती तळमजल्यावरील एका दालनात ‘विद्यार्थी साहाय्य कक्ष’ या पाटीखाली आणण्यात आली. भिंत पाडून काउंटर लांब केला की एकत्रीकरण झाले, अशी व्यवस्थापनाची समजूत असावी, कारण फर्निचरच्या कोटेशनांवर जितक्या बैठका झाल्या तितक्या कोणाचे काम कोणी पाहायचे यावर झाल्या नाहीत.

मी शिष्यवृत्तीचा लिपिक. महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवरील अर्ज आधी माझ्या लॉगिनमधून, मग प्राचार्यांच्या लॉगिनमधून शासनाच्या विभागाकडे जातो, आणि मंजूर रक्कम विद्यार्थ्याला हव्या त्या खात्यात नव्हे, तर त्याच्या आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात जमा होते. हे मी वर्षानुवर्षे खिडकीतून सांगत आलो आहे आणि दर वर्षी कोणाचे तरी पैसे भलत्याच खात्यात जाऊन बसतात.

जुन्या नोंदवह्या एकाच तक्त्यात उतरवण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा पेठ तालुक्यातील द्वितीय वर्षाच्या एका मुलाचे नाव तिसऱ्यांदा लिहिताना माझा हात थांबला. कमवा व शिकाच्या वहीत त्याने तास वाढवून मागितले होते. वसतिगृहाच्या वहीत त्याची मेस बंद झाल्याची नोंद होती आणि तिच्यापुढे रेक्टरांनी ‘बेशिस्त’ असा शेरा मारला होता. माझ्या वहीत तो हप्ता मिळाला नाही म्हणून तीनदा येऊन गेला होता आणि तिन्ही वेळा माझ्याच अक्षरात ‘पोर्टलवर रक्कम वितरित, बँकेत चौकशी करावी’ असे लिहिले होते. उत्तर नियमाला धरून होते. मुलगा उपाशी आहे हे मात्र चार कार्यालयांपैकी एकालाही दिसले नव्हते.

दोन दिवसांनी तो एसटीच्या पाससाठी बोनाफाईड घ्यायला रांगेत उभा राहिला. शोध लागल्याच्या आनंदात मी काउंटरवरूनच बोललो, “अरे, तुझी मेस पैशांअभावी बंद झाली ना? अकरावीत पोस्टात खातं उघडलं होतंस का? हप्ता तिकडे गेला असेल, बघ.” मागे पंधरा-वीस मुले-मुली होती. तो खाली पाहत म्हणाला, “सर, मला फक्त बोनाफाईड हवं होतं,” आणि कागद घेऊन निघून गेला.

पूर्वी समुपदेशक मॅडमची खोली ग्रंथालयाच्या मागे होती. पुस्तक परत करायला चाललो आहे असे सांगून मुले तिथे जात. आता त्यांचे टेबल माझ्यापासून दोन हातांवर आहे, मध्ये खांद्याइतक्या उंचीचे प्लायवूड, आणि त्यांच्या वहीत जुलैपासून जेमतेम चार नोंदी आहेत. दार असलेल्या खोलीसाठी मी अर्ज दिला. त्यावर खर्चाचा अंदाज मागवण्यात आला आहे.

पैसे पोस्टाच्या खात्यातच निघाले, हे मला कमवा व शिकाच्या सहकाऱ्याकडून कळले. वसतिगृहाच्या वहीत त्याची मेस सुरू झाल्याची नोंद मी स्वतः केली, ‘बेशिस्त’ हा शेरा मात्र रेक्टरांनी अजून खोडलेला नाही. पुढच्या बोनाफाईडचा अर्ज त्या मुलाने मित्राच्या हाती पाठवला.