हजार विड्या आणि हजार पॉईंट

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हा विषय काढला की आमच्या घरचे उठून आत जातात. अचिव्हमेंटमुळे, म्हणजे गेममध्ये ठराविक काम केलं की मिळणाऱ्या बक्षिसाच्या खुणांमुळे, व्हिडिओ गेम सुधारले का बिघडले, हे मला भाच्यापासून नवी पेठेतल्या मोबाईलवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारून झालंय, कारण माझ्या प्रोफाइलवर प्लॅटिनम ट्रॉफ्या (गेममधलं बाकी सगळं मिळवलं की मिळते ती) बऱ्याच दिसतात आणि लोकांना वाटतं हा याच्यातला जाणकार. जाणकार कसला, नाद होता.

माझी आजी विड्या वळायची. सोलापुरात हे काय नवीन नाही, आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरात बाईच्या मांडीवर सूप असायचंच. मजुरी हजारावर. आजी बोलता बोलता वळायची, शेजारणीशी भांडता भांडता वळायची, डुलकी घेत वळायची, पण डोक्यात आकडा चालूच, आणि कारखान्यात छाट निघाली, म्हणजे खराब म्हणून विड्या बाजूला काढल्या, की तेवढी मेहनत पाण्यात. नंतर कधीतरी कळलं की 2005 ला एक्सबॉक्स 360 हा गेमचा कन्सोल आला तेव्हा गेमरस्कोअर म्हणून प्रकार आणला आणि डिस्कवरच्या प्रत्येक गेमला पॉईंट ठेवले ते पण हजारच, तेव्हा मला हसूच आलं. आजीला निदान हजाराचे पैसे मिळायचे.

बक्षिसाची आयडिया तशी जुनी आहे. 1982 च्या पिटफॉल गेममध्ये 20,000 पॉईंट केले की टीव्हीच्या स्क्रीनचा फोटो काढून अ‍ॅक्टिव्हिजनला पोस्टाने पाठवायचा, मग ती कंपनी कापडी बिल्ला पाठवायची. ते मला आवडतं. एक गेम, एक बिल्ला, संपला विषय.

चांगली अचिव्हमेंट कशी असते ते सांगतो. हाफ-लाइफ 2 एपिसोड टू मध्ये सुरुवातीलाच बागेत ठेवतात तसला एक बुटका पुतळा सापडतो, तो शेवटच्या रॉकेटपर्यंत उचलून न्यायचा, बास. मी मे महिन्यात नेला, बाहेर 43 डिग्री, कूलर नुसता गरम वारा फेकतोय, आणि मी गाडी थांबवून थांबवून मागे बघतोय पुतळा पडला का, पडला असेल तर उतरून शोधतोय. बंदुकीच्या गेममध्ये मला एका पुतळ्याची काळजी लागली होती राव. अचिव्हमेंट नसती तर मी तो उचलला पण नसता.

आणि वाईट? डेड रायझिंगमध्ये 53,594 झॉम्बी मारायचे. आकडा गेममधल्या गावाच्या लोकसंख्येचा, म्हणजे विनोद भारी आहे, पण करायचं काय तर बोगद्यात गाडी घालून गोल गोल फिरायचं. ही सरळ सरळ विडीच झाली.

माझं स्वतःचं सांगू का, एका लांबलचक गेमचं प्लॅटिनम मी यादी बाजूला उघडून, एकेक खूण करत काढलं, आणि महिन्याभरात भाच्याने विचारलं की मामा शेवटी तो भाऊ मरतो का, तर मला आठवेना. खरंच आठवेना. गोष्ट सांगणारे मधले सगळे कट-सीन स्किप केले होते ना.

1973 ला मार्क लेपर आणि त्याच्या दोन जोडीदारांनी बालवाडीतल्या पोरांवर प्रयोग केला होता. चित्रं काढायची आवड असलेलीच पोरं घेतली. काहींना आधीच सांगितलं की चित्र काढलं तर सर्टिफिकेट मिळेल, काहींना काढून झाल्यावर अचानक दिलं, काहींना काहीच नाही. नंतर मोकळं सोडल्यावर आधी सांगितलेल्या पोरांनी चित्रांकडे बरंच कमी बघितलं. अचानक मिळालेल्यांचं काही बिघडलं नाही! माझं उत्तर तेच आहे बघा, बक्षीस वाईट नाही, आधी हातात दिलेली यादी वाईट. म्हणून आता मी नोटिफिकेशन बंद करतो आणि गेम संपल्याशिवाय यादी उघडत नाही. भाचा म्हणतो मामा म्हातारा झाला.

सध्या एकाच अचिव्हमेंटच्या मागे आहे, द स्टॅन्ली पॅरेबल नावाच्या गेममधली, पाच वर्षं गेम खेळायचाच नाही. भाचा म्हणाला कॉम्प्युटरची तारीख पुढे कर, दोन मिनिटांत मिळते. त्याला सांगितलंय, त्या आयकॉनला हात लावलास तर यंदा गड्ड्याच्या जत्रेला नेणार नाही.