डॉ. खानसाहेब फुटले होते का?

सरहद्द गांधी म्हणजे अब्दुल गफार खान यांच्याविषयी कुठेही व्याख्यान दिले, की प्रश्नोत्तरांच्या वेळी कोणी ना कोणी हमखास विचारते, "त्यांचे थोरले बंधू डॉ. खानसाहेब शेवटी पाकिस्तानच्या सरकारात जाऊन बसले, म्हणजे ते फुटलेच ना?" व्यासपीठावरून दोन वाक्यांत दिलेले उत्तर अपुरे राहते. तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

माझे मत आधीच सांगून टाकतो. त्यांनी बाजू बदलली हे खरे आहे; पण ती खुर्चीच्या मोहापायी बदलली, असे म्हणण्याच्या आड त्यांचे आधीचे सगळे आयुष्य येते. अब्दुल गफार खान चळवळीचे होते, थोरले भाऊ कारभाराचे. हातात अधिकार असेल तर लोकांचे काही भले करता येते, अशी त्यांची धारणा असावी, आणि त्यांची थोरवी व घसरण या दोन्हींचे मूळ मला तिथेच दिसते.

चारसद्द्याजवळच्या उत्मानझई गावचे जमीनदार बहराम खान यांचे हे चिरंजीव. मूळ नाव अब्दुल जब्बार. पेशावरच्या मिशन शाळेतून ते मुंबईला ग्रँट मेडिकल कॉलेजात आले आणि पुढे लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात शिकले. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये होते. परतल्यावर मर्दानच्या गाइड्स पलटणीत लष्करी डॉक्टर म्हणून रुजू झाले. पण वझिरीस्तानातल्या पठाण टोळ्यांवर चाललेल्या मोहिमेत जाण्याचा हुकूम आला तेव्हा त्यांनी तो नाकारला आणि 1921 साली राजीनामा दिला. पत्नी इंग्रज, पेशावरात दवाखाना, राहणी साहेबी. अशा माणसाला राजकारणात ओढले ते 23 एप्रिल 1930 रोजी किस्सा ख्वानी बाजारात नि:शस्त्र जमावावर झालेल्या गोळीबाराने. त्या जखमींवर त्यांनी उपचार केले आणि मग तुरुंगही पाहिला. 1934 साली सुटका झाली, पण स्वत:च्या प्रांतात पाऊल ठेवायला मनाई असल्यामुळे दोघे भाऊ जमनालाल बजाज यांच्या आमंत्रणावरून वर्ध्याला राहिले. त्याच वर्षी डिसेंबरात धाकट्या भावाला वर्ध्यातच अटक झाली, तर थोरले मध्यवर्ती कायदेमंडळावर निवडून गेले. दोघांच्या वाटा पुढे कशा जाणार, हे त्या एका वर्षातच दिसते.

1937 च्या निवडणुकीत सरहद्द प्रांतात (आजचा पाकिस्तानातला खैबर पख्तुनख्वा) काँग्रेसला 50 पैकी 19 जागा मिळाल्या. आधीच्या मंत्रिमंडळावर अविश्वास ठराव आणून सप्टेंबरात खानसाहेब प्रांताचे पंतप्रधान झाले (तेव्हा मुख्यमंत्र्याला तेच नाव होते). मानद दंडाधिकाऱ्यांची पदे रद्द करणे, शेतकऱ्यांना कर्जातून दिलासा देणे, अशी कामे त्यांनी केली. मात्र घल्ला ढेर गावात नबाबाने बेदखल केलेल्या कुळांनी आंदोलन उभारले, तेव्हा याच सरकारने त्या कुळांना तुरुंगात टाकले. खुदाई खिदमतगारांना, म्हणजे गफार खानांच्या अहिंसक संघटनेला, भाबडेपणाने पूजणारे लोक ही गोष्ट सहसा सांगत नाहीत.

1946 मध्ये 50 पैकी 30 जागा घेऊन काँग्रेस स्पष्ट बहुमताने आली. पुढच्याच फेब्रुवारीतला एक प्रसंग मला त्यांच्या स्वभावाची खरी ओळख वाटतो. हजारा जिल्ह्यातल्या दंगलीत एका शीख विधवेचे जबरदस्तीने धर्मांतर करून तिचे लग्न लावण्यात आले होते. खानसाहेबांनी तिला आपल्या घरी आणवले, तिची इच्छा विचारली आणि तिला नातेवाइकांकडे परत पाठवले. मुस्लिम लीगने त्यावरून रान उठवले, मोर्चा थेट त्यांच्या बंगल्यावर आला आणि खिडक्यांची तावदाने फुटली. मते सांभाळायची असती तर प्रकरण कोर्टाकडे ढकलून मोकळे होणे त्यांना सहज शक्य होते.

त्यानंतर जुलैत सार्वमत झाले. त्यात भारत किंवा पाकिस्तान एवढेच पर्याय होते. पख्तुनिस्तानचा, म्हणजे पठाणांच्या स्वतंत्र राज्याचा, पर्याय न मिळाल्यामुळे खुदाई खिदमतगारांनी बहिष्कार घातला. 2,89,244 मते पाकिस्तानला आणि 2,874 भारताला पडली; एकूण मतदारांच्या मानाने पाकिस्तानची मते निम्म्याहून किंचितच अधिक होती. दिल्लीतल्या काँग्रेसने फाळणीची 3 जूनची योजना मान्य करून या माणसांना वाऱ्यावर सोडले होते, तेव्हा फुटण्याचा हिशोब मांडायचाच असेल तर तो तिथून मांडावा, असे मी प्रश्नकर्त्यांना सांगतो. विधानसभेत बहुमत असूनही 22 ऑगस्ट 1947 रोजी जिनांच्या आदेशावरून खानसाहेबांचे सरकार बरखास्त झाले आणि त्यांच्या वाट्याला नजरकैद आली.

इथवर सगळे त्यांच्या बाजूने आहे. 1954 मध्ये ते कराचीत केंद्रीय मंत्री झाले. ऑक्टोबर 1955 मध्ये पंजाब, सिंध, सरहद्द, बलुचिस्तान असे सगळे प्रांत मोडून 'एक युनिट' म्हणजे पश्चिम पाकिस्तान हा एकच प्रांत करण्यात आला, आणि त्याचे पहिले मुख्यमंत्री म्हणून खानसाहेब बसले. यामागे तेव्हाचे गव्हर्नर जनरल आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले इस्कंदर मिर्झा होते. मिर्झा पेशावरचे डेप्युटी कमिशनर असल्यापासून दोघांची मैत्री होती. लीगने मुख्यमंत्रिपदी आपलाच माणूस हवा असा हट्ट धरला, तेव्हा 1956 मध्ये खानसाहेबांचा रिपब्लिकन पक्ष उभा राहिला तो याच सत्तेच्या आधाराने. गफार खान मात्र एक युनिटविरुद्ध गावोगाव फिरत होते. जून 1956 मध्ये त्यांना अटक झाली तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्रिपदी त्यांचा सख्खा भाऊ होता. मी खानसाहेबांची बाजू कितीही घेतली तरी हे मला पचत नाही.

9 मे 1958 रोजी सकाळी लाहोरला मुलाच्या बंगल्याच्या बागेत ते बसले होते. पुढच्या वर्षीच्या निवडणुकीसंबंधीच्या एका बैठकीला त्यांना जायचे होते आणि सोबत नेणाऱ्या सहकाऱ्याची ते वाट पाहत होते. अता मुहम्मद नावाचा, नोकरीतून काढून टाकलेला पटवारी (आपल्याकडचा तलाठी) तिथे आला आणि त्याने त्यांना भोसकून ठार केले. माजी मुख्यमंत्र्यापर्यंत कोणीही तक्रारदार थेट पोहोचू शकत होता, हेही त्यांच्या पद्धतीला धरूनच होते. ती निवडणूक झालीच नाही. ऑक्टोबरात त्याच मित्र मिर्झांनी लष्करी कायदा पुकारून सगळे पक्ष मोडीत काढले. एक युनिट आणखी बारा वर्षे रेटले गेले आणि 1 जुलै 1970 रोजी सरहद्द प्रांत पुन्हा वेगळा झाला. त्या एका वादात धाकटा भाऊच बरोबर होता, हे थोरल्याची कड घेणाऱ्या मलाही कबूल करावे लागते.